पलटण गेली, जमीन उरली

उल्हासनगरच्या माणसाला पत्ता विचारा. गल्ली किंवा चौक सांगण्याआधी तो कॅम्पचा आकडा सांगतो : कॅम्प नंबर दोन, कॅम्प नंबर चार. पुण्यात कोणी 'कॅम्पात जाऊन येतो' म्हटले तर तंबू कोणाच्या डोळ्यांसमोर येत नाहीत, दुकाने येतात. हा शब्द आपल्या बोलण्यात इतका मुरला आहे की त्यामागे कधीकाळी कवायतीचे मैदान, शिपायांच्या बराकी आणि काटेरी तारेचे कुंपण होते, हे आपण विसरूनच गेलो आहोत.

लष्कर एखाद्या जागेवरून उठले की मागे काय उरते? रस्ते, नळ, विहिरी, लांबलचक बराकी, एखादे इस्पितळ आणि भली मोठी मोकळी जमीन. शहराजवळ अशी जागा मिळणे म्हणजे सरकारच्या हाती ऐवज लागण्यासारखे आहे. त्या ऐवजाचे पुढे काय होते, याची तीन उदाहरणे आम्ही वाचकांसमोर ठेवत आहोत. एक आपल्या ठाणे जिल्ह्यातले, एक अमेरिकेतले आणि एक जर्मनीतले. आपल्या कितीतरी कुटुंबांची घरे छावणीच्या हद्दीत किंवा तिला लागून आहेत. त्यामुळे हा विषय दूरचा वाटला तरी तो आपल्या उंबऱ्यापर्यंत आलेला आहे.

बराकीत आलेले लाखभर लोक

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळच्या माळावर ब्रिटिश सरकारने सैनिकांसाठी मोठी छावणी उभारली. आघाडीवर जाणाऱ्या आणि तिकडून परतणाऱ्या तुकड्यांनी इथे थांबावे, असा हेतू होता. दोन हजारांवर बराकी बांधल्या गेल्या. मध्ये लांब दालन आणि दोन्ही टोकांना खोल्या, अशी बहुतेकांची रचना. युद्ध संपले, पलटणी गेल्या आणि छावणी ओस पडली.

पुढे १९४७ साली देशाची फाळणी झाली. सिंधमधली हिंदू कुटुंबे कराचीहून बोटीने मुंबईच्या धक्क्यावर उतरू लागली. इकडून तिकडे गेलेल्यांच्या कहाण्या आपल्या वडीलधाऱ्यांनी ऐकल्या आहेत, तिकडून इकडे आलेल्यांची कहाणी काही वेगळी नव्हती. किल्ली कमरेला आणि घर मात्र दुसऱ्या देशात. अशा एक लाखाच्या आसपास लोकांना सरकारने कल्याणच्या त्या रिकाम्या बराकींत आणून ठेवले. एका दालनात अनेक बिऱ्हाडे, मध्ये आडोसा म्हणून गोणपाट नाहीतर जुने लुगडे. संडास सार्वजनिक आणि पाण्याला रांग. ज्या आयाबहिणींनी सिंधमध्ये स्वतःच्या वाड्यात दिवस काढले होते, त्यांच्या वाट्याला पडद्यामागचा हात-दोन हातांचा संसार आला.

८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीची नव्या गावाच्या रूपाने पायाभरणी झाली. जवळून वाहणाऱ्या उल्हास नदीशी जुळणारे नाव तिला मिळाले : उल्हासनगर. लोकांनीही हात गाळून बसण्यात दिवस दवडले नाहीत. बायकांनी पापड लाटले, पोरांनी लोकलच्या डब्यात गोळ्या-बिस्किटे विकली. बराकीच्या पडवीत शिवणयंत्रे आली, मग कारखाने आले, मग फर्निचरचा, कापडाचा आणि जीन्सचा बाजार उभा राहिला. शाळा निघाल्या, महाविद्यालये निघाली. आम्ही उर्दू शिकवणारे असल्यामुळे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. या मंडळींपैकी जुनी माणसे आपली सिंधी भाषा अरबी वळणाच्या लिपीतच लिहीत होती. मुलांना कोणत्या लिपीत शिकवायचे, यावर तेव्हा बराच वाद झाला. घर गेलेल्या माणसाला लिपीसुद्धा जपावीशी वाटते, हे भाषेच्या मास्तराला सांगावे लागत नाही.

ही झाली कौतुकाची बाजू, आणि ते कौतुक खरेच आहे. सरकारने रिकामी जागा दिली आणि लोकांनी तिथे शहर उभे केले. पण उल्हासनगरला दुसरीही बाजू आहे. बराकींची मांडणी पलटणीच्या सोयीने केलेली होती, कुटुंबांच्या सोयीने नव्हे. काही महिन्यांची सोय म्हणून जे केले, तेच कायमचे झाले. १९५४ साली निर्वासितांच्या नुकसानभरपाईचा आणि पुनर्वसनाचा कायदा आला. ज्याच्या ताब्यात जी जागा होती ती त्याच्या नावे करण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली, पण हे काम वर्षानुवर्षे रेंगाळले. कोणाकडे सनद, कोणाकडे नुसता ताबा. कागद पक्का नाही म्हणून बँक कर्ज देत नाही, परवानगी मिळत नाही म्हणून लोक परवानगीविना बांधतात. बराकीवर मजला चढला, मजल्यावर मजला चढला. २०११ च्या जनगणनेत या शहरात ५ लाख ६ हजार माणसे मोजली गेली आणि क्षेत्रफळ आहे जेमतेम १३ चौरस किलोमीटर. म्हणजे एका चौरस किलोमीटरमध्ये सुमारे ३९ हजार माणसे!

बेकायदा इमारतींचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. शेवटी २००६ साली राज्य सरकारला केवळ या एका शहरासाठी, दंड भरून बांधकामे नियमित करण्याचा स्वतंत्र कायदा करावा लागला. तरीही जुन्या इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे दगावल्याच्या बातम्या आपण पावसाळ्यात वाचतोच. शहरातून वाहणाऱ्या वालधुनी नदीचा कारखान्यांच्या आणि कपडे धुण्याच्या रंगीत पाण्याने नाला झाला. यात कष्ट करणाऱ्या माणसाचा दोष काढणे सोपे आहे. पण ज्या दिवशी बराकी वाटल्या, त्या दिवशी सांडपाणी कुठे जाईल, मैदान कुठे राहील आणि दहा वर्षांनी लेकरे वाढल्यावर घर कुठे वाढेल, याचा विचार कोणी करायला हवा होता? निर्वासितांनी? ते तर दुसऱ्या दिवशीच्या पिठाची चिंता करीत होते.

जमिनीच्या पोटात काय आहे?

आता अमेरिकेत जाऊ. कॅलिफोर्निया राज्यात समुद्रकाठी फोर्ट ऑर्ड नावाचा लष्करी तळ होता. १९१७ पासून तिथे तोफखान्याचा आणि पायदळाचा सराव चाले. जमीन सुमारे २८ हजार एकर. शीतयुद्ध संपल्यावर अमेरिकेने आपले अनेक तळ बंद करायला घेतले, त्यात हाही आला आणि १९९४ साली बंद झाला. शेजारच्या मरिना आणि सीसाइड या गावांचे पोट तळावर चालत होते. केशकर्तनालय, खानावळ, भाड्याची खोली, सगळ्यांचे गिऱ्हाईक म्हणजे शिपाई. शिपाई गेले तसे वाणसामानाची उधारीसुद्धा कमी झाली असेल, अशी कल्पना आपल्याकडच्या कोणत्याही सदर बाजारातला दुकानदार करू शकेल.

इथे सरकारने एक चांगले काम केले. तळ बंद झाल्यावर दुसऱ्याच वर्षी, १९९५ मध्ये, त्याच जागेत राज्य विद्यापीठाचा नवा परिसर सुरू झाला. लष्कराच्या इमारतींत वर्ग भरले, जवानांच्या घरांत विद्यार्थी आणि शिक्षक राहू लागले. २०१२ मध्ये तळाचा मोठा भाग राष्ट्रीय स्मारक म्हणून राखून ठेवला गेला. तिथे आज लोक पायी फिरतात, सायकली चालवतात.

पण याच तळाने एक कठीण धडाही दिला. सत्तर-पंचाहत्तर वर्षे जिथे गोळे डागले, तिथे न फुटलेले गोळे मातीत राहिले. जिथे गाड्या धुतल्या, तेल ओतले, कचरा पुरला, तिथली रसायने भूजलात उतरली. तळ बंद होण्याआधीच, १९९० साली, ही जागा अमेरिकेच्या सर्वांत दूषित जागांच्या यादीत गेली होती. जुन्या बराकींच्या रंगात शिसे आणि छतात ॲस्बेस्टॉस असल्याने त्या पाडणेही खर्चाचे झाले. तीन दशके उलटली तरी सफाईचे काम चालूच राहिले आणि खिडक्या फुटलेल्या बराकी रस्त्याकडेला उभ्याच राहिल्या. झुडपात लोखंडी वस्तू दिसली तर हात लावू नका, मागे फिरा आणि मोठ्यांना कळवा, असे तिथल्या मुलांना शिकवावे लागते. पाढ्यांबरोबर हा पाठ!

फिलिपिन्समधील क्लार्क या अमेरिकी हवाई तळाची हकीकत तर आपल्या कल्याण कॅम्पशी जुळणारी आहे. १९९१ साली पिनाटुबो ज्वालामुखीचा स्फोट झाला. अमेरिकी सैन्य तळ सोडून गेले आणि घरे गमावलेल्या हजारो कुटुंबांना त्याच तळावर आसरा दिला गेला. पुढे तिथल्या विहिरींच्या पाण्याबद्दल आणि मुलांच्या आजारांबद्दल तक्रारी सुरू झाल्या. बेघर माणसाला छप्पर मिळाले की तो पाणी तपासून घेत नाही. ते तपासणे छप्पर देणाऱ्याचे काम असते.

नकाशा कोणी काढायचा?

तिसरे उदाहरण जर्मनीतल्या फ्रायबुर्ग शहराचे. तिथे १९३० च्या दशकात जर्मन सैन्यासाठी बांधलेल्या बराकी महायुद्धानंतर फ्रेंच सैन्याच्या ताब्यात गेल्या. फ्रेंचांनी त्यांना आपल्या एका जुन्या किल्लेबांधणी तज्ज्ञाचे नाव दिले : व्होबाँ. दोन्ही जर्मनी एक झाल्यावर १९९२ साली फ्रेंच सैनिक निघून गेले. सुमारे ४० हेक्टर जागा मोकळी झाली आणि नगरपालिकेने ती केंद्र सरकारकडून विकत घेतली.

शहरात तेव्हा घरांची टंचाई होती. विद्यार्थी आणि कमी कमाईची माणसे रिकाम्या बराकींवर डोळा ठेवून होती. त्यांनी संघटना करून आग्रह धरला की सगळे पाडू नका, काही आम्हाला द्या. आम्ही स्वतः दुरुस्त करून राहू. बऱ्याच खटपटीनंतर चार बराकी या मंडळींना मिळाल्या आणि काही बराकींत विद्यार्थ्यांची वसतिगृहे झाली. उरलेल्या जागेचा आराखडा करताना नगरपालिकेने आधीच नागरिकांना बोलावले. त्यासाठी लोकांचा एक मंच स्थापन झाला. सभा झाल्या, वाद झाले, नकाशे पुन्हा पुन्हा बदलले. शिकता शिकता आखणी करायची, असे त्यांचे सूत्र होते.

जमिनीचे लहान तुकडे करून ते मुख्यतः कुटुंबांच्या गटांना दिले गेले. आपल्याकडे इमारत आधी उभी राहते आणि सोसायटी मागून होते. तिथे आधी सोसायटी झाली, तिने आपला वास्तुविशारद नेमला आणि मग इमारत उभी राहिली. कोणाच्या घरात म्हातारी आई आहे, कोणाला लहान मुले आहेत, हे विटा रचण्याआधीच ठाऊक होते. मोटार ठेवायची असेल तर वस्तीच्या कडेच्या बहुमजली वाहनतळात जागा विकत घ्या, असा नियम झाला. म्हणून घरांपुढच्या गल्ल्यांत मुले खेळतात. २००६ साली ट्राम वस्तीत आली. जुनी मोठी झाडे राखली गेली. लष्कराच्या काळातली एक इमारत पाडायला निघाली होती. ती लोकांनी वाचवली आणि तिथे वस्तीचे सभागृह केले. तिच्यापुढच्या चौकात बाजार भरतो. आज तिथे पाच हजारांवर माणसे राहतात आणि जगभरचे नगररचनाकार ती वस्ती पाहायला येतात.

तिथेही सगळे आलबेल नाही. स्वस्त घरांचा जितका वाटा सुरुवातीला ठरला होता, तितका प्रत्यक्षात उतरला नाही. वस्ती नावाजली तशी घरे महागली आणि गरिबाला तिथे शिरकाव अवघड झाला. तरीही उल्हासनगरशी तुलना करताना एक फरक ठळक दिसतो. पैशाचा फरक आहेच, तो नाकारून चालणार नाही. पण राहणाऱ्यांना विचारण्याची वेळही वेगळी होती. व्होबाँत लोकांना नकाशा कोरा असताना विचारले. आपल्याकडे नकाशाच नव्हता, आणि लोकांना विचारले ते इमारत पाडायची नोटीस लावताना.

आठवीच्या वर्गातला नकाशा

नागरिकशास्त्राच्या तासाला आम्ही मुलांना एक खेळ देतो. फळ्यावर मोठा चौकोन काढायचा आणि सांगायचे की ही रिकामी छावणी तुमची, इथे गाव वसवा. मुले धावत येऊन खडूने जागा घेतात. क्रिकेटचे मैदान पहिले येते. मग शाळा, मशीद, मंदिर, दवाखाना, बिर्याणीचे दुकान, बसथांबा. पाचेक मिनिटांत चौकोन भरून जातो. एकदा मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "सर, सगळ्यांचं सांडपाणी जाणार कुठून? आणि कबरस्तान तर कोणी काढलंच नाही." वर्ग गप्प झाला. मग मैदानाचा एक कोपरा पुसावा लागला आणि त्यावरून मुलांत जोरदार भांडण झाले. आम्ही ते भांडण थांबवले नाही. असे भांडण खडूने चालू असतानाच झालेले बरे.

आपल्या छावण्यांचे काय?

महाराष्ट्रात पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, अहमदनगर, औरंगाबाद आणि कामठी अशी सात कटक मंडळे आहेत. शहरांची नावे बदलली, तरी लोकांच्या तोंडी ही नावे आहेत. ब्रिटिशांनी छावणी वसवली की तिच्या कडेला सदर बाजार वसे. शिंपी, खाटीक, भिश्ती, नालबंद, बेकरीवाले, खानसामे पलटणीच्या मागे येत. त्यांत आपली माणसे भरपूर होती. कामठीची छावणी १८२१ ची. तिथे उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांनी मागमाग टाकले आणि मोहल्ले वसवले. म्हणजे छावणीतली आपली वस्ती दोनशे वर्षांपर्यंत जुनी आहे.

या छावण्या बंद होत नाहीत, हे आधी नीट समजून घ्यावे. पण त्यांतला नागरी वस्तीचा भाग वेगळा काढून शेजारच्या नगरपालिकेत किंवा महापालिकेत घालायचा आणि लष्कराचा भाग लष्कराकडे ठेवायचा, असे धोरण केंद्राने घेतले आहे. एप्रिल २०२३ मध्ये हिमाचल प्रदेशातील योल छावणीपासून याची सुरुवात झाली. इतर छावण्यांतही ही प्रक्रिया कमीअधिक वेगाने चालू आहे. एकदा हद्द बदलली की कर बदलतात, बांधकामाचे नियम बदलतात आणि नवा विकास आराखडा येतो. शाळेसाठी कोणती जागा, मैदानासाठी कोणती, रस्ता किती रुंद आणि तो कोणाच्या ओट्यावरून जाणार, हे त्या आराखड्यात ठरते. व्होबाँतल्या लोकांपुढे जो कोरा कागद आला, तसा कागद आपल्यापुढे येण्याची ही वेळ आहे.

म्हणून घरोघरी काही गोष्टी आतापासून करून ठेवाव्यात.

पहिली गोष्ट कागदांची. छावणीतली बरीच जमीन संरक्षण खात्याच्या मालकीची असून घरे 'ओल्ड ग्रँट'वर किंवा भाडेपट्ट्यावर आहेत. आपले घर नेमके कशात मोडते, हे कितीतरी घरांत आजोबांनंतर कोणी पाहिलेले नाही. कटक मंडळाच्या जमीन नोंदवहीतला उतारा काढा. पट्टा, कराच्या पावत्या, वारसांची नोंद एका फाइलीत लावा. बहिणींची नावे वारसांत आहेत की नाहीत, तेही याच वेळी पाहा. मशीद, मदरसा, कबरस्तान यांच्या विश्वस्तांनी आपली नोंदणी आणि जागेची मोजणी तपासून घ्यावी. उल्हासनगरच्या दोन पिढ्या अपुऱ्या कागदापायी झिजल्या, हे आपण पाहिलेच.

दुसरी गोष्ट जमिनीची. आसपास जुना पेट्रोल डेपो, गाड्यांचा कारखाना, चांदमारीचे मैदान किंवा कचऱ्याचा खड्डा होता का, हे मोहल्ल्यातल्या बुजुर्गांना विचारा आणि लिहून ठेवा. अशा जागी मुलांची शाळा किंवा बोअरवेल होणार असेल, तर आधी माती-पाणी तपासण्याची मागणी करता येते.

तिसरी गोष्ट नकाशाची. विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की त्यावर हरकती आणि सूचना मागवल्या जातात. त्याला मुदत असते. बातमी वर्तमानपत्रात कोपऱ्यात येते आणि मुदत निघून जाते. प्रत्येक मोहल्ल्यातून चार-पाच जणांनी, त्यात निदान दोन बायका असाव्यात, जाऊन तो नकाशा पाहावा. नळ कुठे हवा, दिवा कुठे हवा, मुलींना शाळेत जायला सुरक्षित वाट कोणती, हे घरातल्या बायकांइतके कोणालाच ठाऊक नसते. शेजारच्या हिंदू, ख्रिस्ती, पारशी, बौद्ध कुटुंबांबरोबर मिळून सह्या केल्या तर अर्जाला वजन येते, कारण गटार आणि मैदान सगळ्यांचेच असते. नुसती तक्रार न लिहिता आपल्याला काय हवे ते लिहा : अमुक भूखंडावर प्राथमिक शाळा हवी, तमुक कवायतीचे मैदान मोकळेच राहावे. सुनावणीला बोलावणे आले तर जा. पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊ नका.

हे सारे कागदी काम आहे आणि कागदी कामाचा आपल्याला कंटाळा असतो, हे आम्ही जाणतो. अर्जाचे शब्द अडले तर जवळच्या शाळेतल्या मराठीच्या शिक्षकाला गाठा. बोनाफाईडपासून बदलीपर्यंतचे अर्ज लिहिण्यात आम्हा मास्तर लोकांची हयात गेली आहे, आणखी एक लिहून द्यायला कोणी नाही म्हणणार नाही.